फर्नेस सुरू झाला की शेगडी मान टाकायची

आमचा कॅम्पर ट्रेलर २००९ चा, २१ फुटी, ऑगस्ट २०२२ मधे सेकंडहँड घेतला. विकणाऱ्याने त्याच्या ड्राइव्हवेत सगळं चालवून दाखवलं होतं, शेगडी पेटवली, बंद केली, मग फर्नेस म्हणजे ट्रेलर उबदार ठेवणारा गॅसचा हीटर लावला, छान गरम हवा आली, तोही बंद केला, मग फ्रिज गॅसवर टाकून हिरवा दिवा दाखवला. एकेक करून. ह्या एकेक करून मधेच सगळी गोम होती पण ते कळायला मला दोन महिने आणि एक कोजागिरी लागली.

ज्यांनी ट्रेलर आतून बघितला नाहीये त्यांच्यासाठी, पुढच्या दांड्यावर म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे प्लास्टिकच्या टोपाखाली दोन सिलिंडर उभे असतात. आमचे २० पाउंडी, म्हणजे साधारण ९ किलोचे, आपल्याकडच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरपुढे बुटके दिसतात. दोन्हीकडून एकेक आखूड नळी निघते, तिला इकडे अमेरिकेत पिगटेल म्हणतात, त्या दोन्ही मधल्या एका रेग्युलेटरला येऊन मिळतात आणि तिथून पुढे एकच पाइप ट्रेलरच्या पोटाखालून शेगडी, फ्रिज, गीझर आणि फर्नेस ह्या सगळ्यांना जातो. रेग्युलेटरवर एक लिव्हर असतो, तो डावीकडे वळवला की डावा सिलिंडर आधी वापरायचा, तो संपला की रेग्युलेटर आपणहून उजव्यावर जातो आणि छोट्या खिडकीतला हिरवा रंग लाल होतो. अर्थात दोन्ही सिलिंडर उघडे ठेवले असतील तरच. मी पहिले दोन महिने उजवा बंदच ठेवायचो, का तर म्हणे सेफ्टी.

सिलिंडरचा धडा तर पहिल्याच आठवड्यात मिळाला. गॅस भरायला घेऊन गेलो तर तिथल्या मुलाने सिलिंडर गोल फिरवला, वरच्या कड्यावर ठोकलेले आकडे बघितले आणि मान हलवली. आकडे होते ०३ ०९, म्हणजे मार्च २००९. इथे नवीन सिलिंडर १२ वर्षं चालतो, मग तपासून पुन्हा शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर कोणी भरून देत नाही, आणि आमच्या दोन्हींची मुदत २०२१ मधेच संपलेली. मग सरळ दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून दोन्ही बदलून आणले, जुने ते लोक ठेवून घेतात. एक गोष्ट नंतर लेबल वाचल्यावर कळली, त्या बदलून मिळणाऱ्या २० पाउंडी सिलिंडरमधे गॅस १५ च पाउंड असतो. लिहिलेलं असतं स्पष्ट, आपण वाचत नाही.

तर ऑक्टोबरात कोलंबस डेचा लाँग वीकेंड आला. आई तेव्हा इस्लामपूरहून आलेली होती आणि त्या वर्षी कोजागिरी नेमकी रविवारी ९ तारखेला. बायको म्हणाली ह्या वेळी मसाला दूध लेक मिशिगनच्या काठावर. नोव्हायहून, म्हणजे मिशिगनमधल्या आमच्या गावाहून, निघालो ते शुक्रवारी रात्री स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या डी. एच. डे कॅम्पग्राउंडला पोचलो, ग्लेन आर्बरच्या जवळ आहे. झाडं लाल-पिवळी झालेली, पाच मिनिटं चाललं की पाणी, जागा म्हणजे सोनं. फक्त तिथे वीज नाही. म्हणजे फ्रिज गॅसवर, ऊब गॅसवर, स्वयंपाक गॅसवर.

शनिवारी संध्याकाळी आईने पिठलं टाकलं. मी बाहेर खुर्ची टाकून बसलेलो, आतून हाक आली, अरे गॅस संपत आलाय बघ. आत जाऊन बघतो तर ज्योत इवलीशी, निळी ठिपक्याठिपक्याची, पातेल्याच्या बुडाला पोचतच नव्हती. मी वाकून बघतोय तेवढ्यात परत फुलली आणि मस्त जळायला लागली. म्हंटलं वारा असेल. आई म्हणाली, "वारा नाही रे, तो खालचा पंखा घुर्र करतो ना, तेव्हा ही मान टाकते. तो थांबला की परत उठते. मघापासून तीनदा झालं."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. खरं तर अख्ख्या दुखण्याचं निदान त्याच वाक्यात होतं पण आपल्या डोक्यात गॅस म्हंटलं की एकच निदान असतं, संपला. बाहेर गेलो, टोप काढला. आई मागोमाग ओलं फडकं घेऊन आलीच, घरी करतात तसं सिलिंडरला वरपासून खालपर्यंत ओलं पुसलं आणि टॉर्च मारून उभे राहिलो. थंडीत वाळायला वेळ लागला पण लागलं वाळायला, वरचा भाग आधी सुकला आणि अर्ध्याच्या किंचित खाली रेघ दिसली, तिच्याखाली ओलं ते ओलंच. आत जिथपर्यंत पातळ गॅस आहे तिथपर्यंतचा पत्रा गार राहतो म्हणून ते पाणी उशिरा वाळतं. म्हणजे गॅस होता, जवळजवळ अर्धा सिलिंडर. तरीपण मी लिव्हर उजवीकडे वळवला, उजवा फुल सिलिंडर उघडला, आणि काय, ज्योत एकदम झकास! दहा मिनिटं मी हिरो होतो. अकराव्या मिनिटाला फर्नेस घुर्र झाला.

बायकोचं म्हणणं पडलं की थंडीने गॅस गोठला असणार. हे मला पटण्यासारखं वाटलं कारण मनालीकडे थंडीत सिलिंडरवर गरम पाणी ओततात ते ऐकलेलं होतं. पण आपल्या घरगुती गॅसमधे ब्युटेन जास्त असतो आणि ब्युटेन शून्य डिग्रीच्या आसपासच वाफ व्हायचं सोडून देतो. इकडे सिलिंडरमधे नुसता प्रोपेन, तो उणे ४२ पर्यंत उकळत राहतो. बाहेर होतं ३-४ डिग्री. त्या थंडीतही सिलिंडरमधे ६०-७० पीएसआय प्रेशर सहज असतं आणि शेगडीला लागतं किती, तर अर्धा पीएसआयसुद्धा नाही. म्हणजे थंडी बाद. (हे ज्ञान मला त्या रात्री नव्हतं, त्या रात्री मी सिलिंडरला घोंगडी गुंडाळून आलो होतो.)

रात्री दोनला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. फर्नेस चालू होता पण हवा गार. पंखा फिरायचा, मग टक टक टक आवाज, मग भक्क करून पेटायचा आणि पाच-सात सेकंदात विझायचा, परत टक टक टक, असं तीनदा झालं की तो स्वतःच कंटाळून बंद. लेक आजीच्या गोधडीत शिरली होती. मला वाटलं बॅटरी, कारण फर्नेसचा पंखा बॅटरीवर फिरतो आणि बॅटरी उतरली तर पंख्याचा जोर कमी पडतो, हवा पुरेशी नसेल तर आतला स्विच गॅस सुटूच देत नाही. पण मीटर लावला तर १२.४ व्होल्ट, म्हणजे ठीकठाक, शिवाय आमचा पेटत तर होताच, पेटून विझत होता. फ्रिजवर पण लाल दिवा. फ्रिजचं मनावर घेतलं नाही, बाहेर फ्रिजच होता सगळा.

रविवारी सकाळी फोनला जेमतेम एक दांडी रेंज, त्यात वाचून वाचून एक नवीन गोष्ट सापडली. पिगटेलचा जो हिरवा प्लास्टिकचा नट सिलिंडरला लागतो त्याच्या आत एक सेफ्टी असते. सिलिंडर झटकन उघडला तर गॅस जोरात सुटतो, तिला वाटतं पुढे नळी फुटली, आणि ती वाट अडवून चिमूटभरच गॅस सोडत राहते. मी सिलिंडर कसा उघडत होतो, तर पाणी जायच्या आत बादली भरायचा नळ उघडावा तसा. म्हंटलं सापडलं! सगळी उपकरणं बंद केली, सिलिंडर बंद, नट हाताने सोडला (त्याला पाना लावायचा नाही, हातानेच), पाच मिनिटं थांबलो, परत लावला आणि श्वास रोखून पाव पाव आट्याने उघडला. आत येऊन आधी शेगडी पेटवली म्हणजे पाइपातली हवा निघून जाते. ज्योत सुंदर. आईने चहा टाकला. फर्नेस लावला. ज्योत खाली.

आता मात्र मी ट्रेलरला शिव्या घालायला लागलो होतो, मराठीत, आणि बहुतेक त्या सुरावरूनच शेजारच्या साइटवरचे आजोबा आले. ओहायोचे, सत्तरीचे असतील, आयुष्यभर घरांचे फर्नेस बसवायचं काम केलेलं. मी सगळी कहाणी सांगितली, सिलिंडर बदलला, हळू उघडला, बॅटरी बघितली. त्यांनी एवढंच विचारलं की प्रेशर मोजलंस का. मी म्हंटलं कशाने? ते गेले आणि त्यांच्या गाडीतून एक फळी घेऊन आले.

ती फळी मला अजून डोळ्यासमोर आहे. दीड-दोन फूट लाकडी पट्टी, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू सारखी वाकवून तारेने बांधलेली, मधे पेन्सिलीने इंचांच्या खुणा आणि नळीत लाल खायचा रंग घातलेलं पाणी. संपलं, हेच यंत्र. शेगडीची जाळी आणि बर्नरची टोपी काढून त्यांनी नळीचं एक टोक आतल्या बारीक तोटीवर घट्ट बसवलं, दुसरं टोक मोकळं, आणि त्या बर्नरचा नॉब उघडला. पाणी एका बाजूला खाली गेलं, दुसऱ्या बाजूला वर चढलं आणि थांबलं. मी खूण वाचली, साडेपाच, आणि म्हंटलं बघा, निम्मंच प्रेशर! आजोबा हसले. एका बाजूला साडेपाच खाली, दुसऱ्या बाजूला साडेपाच वर, बेरीज करायची असते, ११ इंच. आणि ट्रेलरच्या सगळ्या उपकरणांना नेमकं ११ इंच पाण्याइतकंच प्रेशर लागतं.

मी म्हंटलं मग बरोबरच आहे की. ते म्हणाले थांब, आता काम करायला लाव त्याला. शेजारचा बर्नर पेटवला, पाणी किंचित हललं, साडेदहा. मग फर्नेस. पंखा सुरू झाला, वीसेक सेकंद नुसताच फिरला, पाणी जागेवर. मग टक, आणि आमच्या डोळ्यादेखत पाणी सरसर उतरलं ते बेरीज ६ वर आलं, आणि शेजारच्या बर्नरने मान टाकली. आई मागून म्हणाली, "मी काय सांगत होते?" ते आजोबांना भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी आईकडे बघून टोपी काढली.

मला तेव्हा आमची पुण्यातली सोसायटी आठवली. गच्चीवरची टाकी भरलेली असते, तुमच्या नळाला धार पण चांगली असते, आणि वरच्या घरात कोणी वॉशिंग मशीन लावलं की तुमची धार करंगळीएवढी. टाकीत कितीही वेळा वाकून बघा, दोष टाकीत नसतोच, मधे कुठेतरी वाट आवळलेली असते. फर्नेस खातो तासाला ३०,००० बीटीयू (हे उष्णतेचं इकडचं माप), शेगडीचा एक बर्नर ७-८ हजार, फ्रिज तर दीड हजाराच्या आसपास. लहानसहान मागणी तो रेग्युलेटर पुरी करत होता, मोठी आली की दम लागत होता. आणि काहीच चालू नसताना मोजलं तर मारक्या बैलाने गरीब चेहरा करावा तसं ११ दाखवत होता. ड्राइव्हवेत एकेक करून दाखवल्यावर मला कसं कळणार होतं!

आजोबांनी घाई मात्र केली नाही. लिव्हर फिरवून दुसऱ्या सिलिंडरवर घेतलं, तेच सगळं परत केलं, परत ६. म्हणजे दोन वेगळे सिलिंडर, दोन वेगळ्या पिगटेल, दोन्हीकडे तेच. मग उरतो तो दोघांना सामायिक असलेला रेग्युलेटर. टॉर्च मारून त्याच्यावरची तारीख शोधली, २००८. ट्रेलरपेक्षा म्हातारा. रेग्युलेटरला खालच्या अंगाला एक जाळीदार भोक असतं, ते खाली तोंड करूनच बसवायचं म्हणजे पाणी शिरत नाही, आत रबराचा पडदा हलतो त्याला तिथून श्वास घ्यायचा असतो. आमच्या भोकात कुंभारणीने मातीचं घर केलं होतं. इथल्या कुंभारमाश्यांना ती भोकं फार आवडतात म्हणे. आजोबांनी काडीने अगदी अलगद, जाळी न फाडता, माती काढली. परत मोजलं, ७. नाकातला शेंबूड काढला पण दमा तसाच आहे, असं मी म्हंटलं, हे भाषांतर केलं नाही.

त्यांनी एक सांगितलं ते मी तंतोतंत पाळलं. एकटी शेगडी चालवा, खिडकी किलकिली ठेवून. फर्नेस आजपासून बंद, कारण कमी प्रेशरवर तो नीट जळत नाही आणि अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो.

तर कोजागिरी झाली, फर्नेसशिवाय. दूध एका बर्नरवर आटवलं, जायफळ-वेलदोडे घरून आणलेले, केशर आजोबांच्या बायकोला हुंगायला दिलं. चंद्र पाण्यावर आला तेव्हा स्वेटरवर स्वेटर घालून सगळे काठावर, दूध पहिल्या घोटाला गरम आणि दुसऱ्याला कोमट. सोमवारी सकाळी गाशा गुंडाळला.

घरी आल्यावर नवीन रेग्युलेटर मागवला, ६० डॉलरच्या आतबाहेर मिळाला, आणि दोन नव्या पिगटेल. घरी येऊन ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनची तारीख मिळाली २२ तारखेची पण मला कुठला धीर. गुरुवारी संध्याकाळी स्वतःच बसलो. सिलिंडर बंद, काढून बाजूला ठेवले, शेगडी पेटवून पाइपातला उरलेला गॅस जाळून टाकला. जुना रेग्युलेटर सोडवून पुठ्ठ्यावर ठेवला तर त्याच्या तोंडातून पिवळट चिकट तेल गळायला लागलं, गाडीच्या इंजिनातून गळावं तसं. रबरी नळ्यांमधला काहीतरी अंश गॅसबरोबर सुटत राहतो, शिवाय गॅसमधला जड गाळ, तो वर्षानुवर्षं रेग्युलेटरमधे साठतो. चमचाभर तरी निघालं.

नवीन बसवताना मी सगळ्या आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली, आपल्याकडे नळाला लावतात ती, सढळ हाताने. आईने वाटीत साबणाचं पाणी फेटून दिलं. साबण अमोनिया नसलेला बघून घ्यायचा, अमोनियाने पितळ खराब होतं. ब्रशने जोडांवर फेस लावला आणि सिलिंडर उघडला, तर डाव्या पिगटेलच्या जोडावर बेडकाच्या गळ्यासारखा एक फुगा हळूहळू फुगत गेला. लगेच बंद केलं. आमच्या गल्लीत लहानपणी एक काका काडी ओढून लीक बघायचे, ते अजून भुवयांसकट हयात आहेत हे नशीबच.

टेक्निशियन शनिवारी आला, धनत्रयोदशी होती. टेप बघून काही बोलला नाही, फक्त एक लांब श्वास सोडला. मग समजावून सांगितलं, पिगटेल रेग्युलेटरला लागते तो फ्लेअरचा जोड, तिथे धातूवर धातू निमुळता बसून सील होतो, टेप लावली की बसतच नाही, वर टेपचे तुकडे आत जातात. टेप लागते ती रेग्युलेटरच्या दुसऱ्या तोंडाला, जिथून पाइप ट्रेलरकडे जातो, आणि तिथे पण गॅसची पिवळी, पांढरी नाही. सगळं उकलून पुसून त्याने परत बसवलं, एका पान्याने धरून दुसऱ्याने आवळलं म्हणजे पाइप पिळत नाही. फेस लावला, फुगा नाही. मग पाइपात प्रेशर भरून, सिलिंडर बंद करून तीन मिनिटं नुसता बघत बसला, पाणी तसूभर हललं नाही. जाता जाता ट्रेलरमधे जमिनीलगत बसवलेला गॅसचा अलार्म पण बदलायला सांगून गेला, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून तो खाली असतो, आणि आमच्याच्या पाठीवरची मुदत केव्हाच उलटून गेली होती. आता सिलिंडर बघायला ओलं फडकं पण लागत नाही, इंडिया ट्रिपच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा ट्रेलरमधेच ठेवलाय, सिलिंडरच्या कड्यावर टीडब्ल्यूपुढे रिकामं वजन लिहिलेलं असतं, आमच्यावर १७ पाउंड आहे, काट्यावर येईल त्यातून ते वजा केलं की उरलेला गॅस.

त्या संध्याकाळी ड्राइव्हवेतच सगळं एकदम लावून बघितलं. फ्रिज गॅसवर, गीझर चालू, शेगडीच्या एका बर्नरच्या तोटीला माझी स्वतःची नवीन लाल पाण्याची फळी, उरलेले दोन बर्नर पेटवलेले, त्यातल्या एकावर आईने दूध ठेवलेलं कारण तिचं म्हणणं कोजागिरीचं नीट झालंच नव्हतं. थर्मोस्टॅट वर केला. पंखा घुर्र झाला, वीस सेकंद, टक. पाणी ११ वरून साडेदहावर आलं आणि तिथेच थांबलं, ज्योत हललीसुद्धा नाही. आम्ही चौघं वाकून त्या ज्योतीकडे बघत राहिलो आणि त्या नादात दूध उतू गेलं.